व्हर्लिनला पसंत न पडलेली यंत्रं

टायरमधली हवा दाखवणारं कोणतं यंत्र चांगलं, असं ओकोटिलो कॅम्पात कुणालाही विचारलं, की तो माणूस आपण स्वतः कशावर पैसे घातले तेवढंच सांगत असे. महागातलं घेतलेला म्हणे, या बाबतीत हात आखडता घेऊ नये. स्वस्तातलं घेतलेला म्हणे, रंगीत पडद्यामुळे टायरला काय जास्त हवा बसते? यंत्र फुकट मिळालेला माणूस कॅम्पात एकही नव्हता, त्यामुळे निःपक्षपाती मत मिळायची सोयच नव्हती.

व्हर्लिन हाउगेनने मात्र सगळ्यांची मतं शांतपणे ऐकून घेतली. निदान मान तरी हलवली. सगळ्यांची यंत्रं उसनी आणून आपल्या चाकांना लावून पाहिली, एकेक करून परत केली, आणि परत करताना त्याच्या बायकोने, आर्लिसने, खजूर घालून भाजलेल्या वड्यांचा एकेक डबा सोबत दिला. वड्या संपत आल्या. मार्च संपत आला. यंत्र काही घेतलं गेलं नाही.

यंत्राशिवाय निघायचं नाही, ही अट आर्लिसची होती, आणि ती उगाच घातलेली नव्हती. हाउगेन मंडळी दर हिवाळ्यात मिनेसोटाचा बर्फ सोडून ॲरिझोनाच्या या वाळवंटात उतरत. राहायचं मोटारहोममध्ये: स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी, सगळं त्यातच. आणि त्याच्या मागे दांड्याने जोडलेली छोटी गाडी, किराणा आणायला, चर्चला जायला. या मागच्या गाडीची गंमत अशी, की ती आपल्या मागे आहे हे ड्रायव्हरला पाठ असतं, पण कळत नाही. पुढे एवढं मोठं धूड, त्याचं इंजिन. मागे चाक बसलं, फाटलं, पेटलं तरी सुकाणूला ढिम्म जाणवत नाही.

गेल्या ऑक्टोबरात खाली येताना न्यू मेक्सिकोत नेमकं तेच झालं. एक ट्रकवाला शेजारून जाताना खिडकीतून जोरजोरात हात हलवू लागला. व्हर्लिनला वाटलं, भला माणूस दिसतोय. त्यानेही हात हलवला. ट्रकवाल्याने पुन्हा हातवारे केले. व्हर्लिनने पुन्हा, जरा जास्त आपुलकीने. शेवटी ट्रकने भोंगा वाजवत समोर आडवं येऊन थांबवलं तेव्हा मागच्या गाडीच्या टायरच्या चिंध्या होऊन रिम रस्त्यावर घासत होती आणि वरचा पत्रा धुरकटला होता. पोलीस म्हणाला, "आजोबा, आणखी थोडं गेला असतात तर सगळंच पेटलं असतं." त्याच दिवशी आर्लिसने सांगून टाकलं, की मागच्या चाकांची खबर पुढे कळेल तेव्हाच मी या गाडीत बसेन.

यंत्र तसं साधं असतं. चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखा सेन्सर फिरवून बसवायचा. तो आतली हवा मोजतो आणि ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर कळवतो. निरोप लांबून पोचत नसेल तर मधे एक डबी लावायची. हवा उतरली की दिवा लुकलुकतो आणि अलार्म वाजतो. निवडायचं काय, तर बॅटरी बदलता येते का, हवा भरताना सेन्सर काढावा लागतो का, एवढंच. जन्मभर धान्याच्या कोठारावर काम केलेल्या, मोठमोठी यंत्रं हाताखाली घातलेल्या माणसाला हे एका सकाळचं काम. व्हर्लिनला तीन आठवडे पुरले नव्हते.

"कसं वाटलं?" आर्लिस विचारी.

व्हर्लिन जरा थांबे. मग म्हणे, "वेगळं आहे."

त्यांच्या मुलखात याहून कडक शब्द नाही. यजमानाच्या घरी मासा खारट झाला असेल तर पाहुणा म्हणतो, वेगळा लागतो. पाद्रीबुवा प्रवचनात वाहवत गेले तर म्हणायचं, आज वेगळं बोलले. त्याच्या पलीकडे काही विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. आर्लिस त्याच मुलखातली. तिनेही विचारलं नाही. ती फक्त मनात मांडत गेली.

आणि तिच्या मनातली बेरीज टायरांची नव्हती. व्हर्लिनचा थोरला भाऊ मिलो. त्याचंही असंच सुरू झालं होतं. विचारलं त्याचं उत्तर न देता हसायचं. साध्या निवडी न जमणं. मग एक दिवस मिलो स्वतःच्याच गावात रस्ता विसरला, आणि पुढची सहा वर्षं त्याच्या बायकोने जे काढलं ते आर्लिसने जवळून पाहिलं होतं.

आता व्हर्लिनच्या खात्यावर काय काय जमा झालं होतं? किटली शिट्टी मारमारून रिकामी झाली तरी हा शेजारी बसून पेपर वाचत होता. फ्रिजचं दार उघडं राहून टुंटुं वाजत होतं, हा त्याच्याच समोर उभा राहून सँडविच करत होता. छतावरच्या धुराच्या यंत्राची बॅटरी संपत आली म्हणून ते दिवसभर चिमणीसारखं चिवचिवत होतं. ती म्हणाली, ते काढ ना, तर हा म्हणाला, हो, छान आहे. आणि ही यंत्रं. उसनी आणायची, चाकावरचा सेन्सर काढून अलार्म वाजतो का पाहायचं, तो कर्कश वाजत असताना पडद्याकडे शून्यात बघत बसायचं, आणि उतरून म्हणायचं, वेगळं आहे. जणू हे यंत्र कशासाठी आणलं तेच विसरला असावा.

रविवारी मुलीचा, कारीचा, फोन आला. कारीचा स्वभाव आर्लिसवर गेला नव्हता. ती नवऱ्याबरोबर, एरिकबरोबर, मिनियापोलिसला राहायची, मोठ्या हपिसात होती आणि सरळ बोलायची.

"आई, मी बाबांना विचारलं निघणार कधी, तर म्हणाले हवा चांगली आहे. मी काय विचारत होते आणि ते काय बोलत होते!"

"फोनला जरा खरखर असते इथे."

"मला ऐकू येत नव्हतं का? आई, एप्रिलमधली स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय मी. तोवर बाबांनी ते धूड चालवायचं नाही. एरिक विमानाने येईल, तोच गाडी घेऊन येईल. तुमच्यासाठी खालच्या मजल्याची खोली रंगवून झालीय. न्हाणीत धरायला दांडे बसवलेत."

"दांडे कशाला?"

"लागतातच ना कधी तरी. पुढच्या रविवारपर्यंत सांग, म्हणजे तिकीट काढते. आणि ते मोटारहोम इथे आलं की विकूनच टाकू."

आर्लिसने फोन ठेवला. बाहेर व्हर्लिन मागच्या गाडीची काच पुसत होता, इतकं मन लावून की जणू ती नवी नवरीच. तिने त्याला काही सांगितलं नाही. खोली रंगवली होती, दांडे बसवले होते, सगळं तिच्या बोलण्याची वाट बघत होतं. अकरा वर्षं ती या चाकांवर राहिली होती आणि तिला त्यातला एकही हिवाळा परत द्यायचा नव्हता. पण मिलोच्या बायकोनेही वेळेवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅम्प रोज रिकामा होत होता. सकाळी उठावं तर आणखी एक जागा मोकळी, तेलाचे दोन डाग मागे. उन्हाळ्याआधी जो तो उत्तरेला पळत होता. उरलेल्यांमध्ये टेक्सासचा हॉलिस टेट होता. त्याचं यंत्र कॅम्पात सगळ्यात महागाचं. तो शुक्रवारी ते पुन्हा घेऊन आला, आपणहून.

"आर्लिसबाई, तुमच्या नवऱ्याने हे एकदा परत केलं. मी म्हटलं, त्याने नीट बघितलं नसेल. रंगीत पडदा आहे, हवा भरताना सेन्सर काढावा लागत नाही, आणि अलार्म असा की मेलेला उठून बसेल!"

"देवाची कृपा, इथे कुणी मेलेलं नाही," आर्लिस म्हणाली. "व्हर्लिनला सांगते."

"त्याला आवडलं नाही का? खरं सांगा."

"आवडलं की. वेगळं आहे म्हणत होता."

हॉलिस खूश झाला. टेक्सासात 'वेगळं' म्हणजे स्तुती असते.

दुपारी आर्लिस मोटारहोमच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसली होती. शेजारी समोरच्या जागेवरची मार्व्हा. मार्व्हा न्यू जर्सीची, नवरा गेल्यानंतर एकटीच मोटारहोम चालवत फिरणारी, आणि तोंडाची फाटकी. तिच्या पायाशी तिचा कुत्रा, डेप्युटी, जीभ काढून पडला होता. कान लोंबणारा, पोट सुटलेला, कुठल्याच कामाचा नसलेला कुत्रा.

व्हर्लिन उन्हात मागच्या गाडीपाशी वाकला, हॉलिसचा सेन्सर बसवला, थोड्या वेळाने पुन्हा काढला, आणि सावकाश येऊन पुढे ड्रायव्हरच्या खुर्चीत चढून बसला. खिडकी उघडीच होती.

अलार्म वाजला. सुई कानातून आरपार काढावी तसा. मार्व्हाने दोन्ही हातांनी कान दाबले. डेप्युटी उठला, त्याने थोबाड आभाळाकडे केलं आणि जे रडायला लागला ते जणू घरातलंच कुणी गेलं होतं.

खिडकीत व्हर्लिन निवांत बसला होता. पडद्याकडे बघत होता. मग त्याने मान वळवली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून काळजीने विचारलं, "मार्व्हा, काय झालं गं डेप्युटीला? पोटात दुखतंय का त्याच्या?"

अलार्म वाजतच होता.

आर्लिस खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली. "व्हर्लिन," ती मोठ्यांदा म्हणाली, "तुला काय ऐकू येतंय?"

"कुत्रं!"

"आणखी?"

"आणखी काय? मार्व्हा काही तरी बोलतेय वाटतं."

मार्व्हा जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आर्लिसचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तिच्या डोक्यात तीन आठवड्यांची ती सगळी बेरीज पुन्हा उलगडत होती, या वेळी दुसऱ्या बाजूने. किटली. फ्रिज. छतावरची चिवचिव. यंत्रं. सगळं वाजणारं. सगळं किनऱ्या, बारीक आवाजात वाजणारं. कुत्रं जाड आवाजात रडलं ते त्याला ऐकू आलं. त्या ट्रकच्या भोंग्याला तो शेवटी थांबला होता. जन्मभर मका वाळवायच्या पंख्याच्या गोंगाटात उभा राहिलेला माणूस!

ती धप्पकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना.

"हिला काय झालं आता?" व्हर्लिन उतरून आला. "ऊन लागलं का?"

आर्लिसला बोलवेना. आणि बोलवलं असतं तरी अशी गोष्ट माणसाला तोंडावर कशी सांगायची, ते मिनेसोटात कुणी शिकवत नाही. न्यू जर्सीत शिकवतात.

"अरे ठोंब्या, तू बहिरा आहेस!" मार्व्हा ओरडली.

"काय?"

"हेच ते!"

व्हर्लिनने एकदा मार्व्हाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "मी? आत्ता तुझं बोलणं ऐकलं की मी."

"माझं बोलणं समोरच्या डोंगरावरही ऐकू जातं. ते यंत्र वाजतंय. आत्ता. या क्षणी. कुत्र्याला वेड लागायची वेळ आलीय."

व्हर्लिनने वर जाऊन पडद्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग बटण दाबून यंत्र बंद केलं. डेप्युटी तत्काळ गप्प झाला आणि आडवा पडला. व्हर्लिन ते बघत राहिला. त्याने पुन्हा यंत्र चालू केलं. डेप्युटी पुन्हा उठला. असं त्याने दोनदा करून पाहिलं; जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, पुराव्याशिवाय मानणार नव्हता.

"नको रे, त्याला किती छळशील," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज आता ठिकाणावर आला होता.

"म्हणजे हॉलिसच्या यंत्राचा आवाज बंद नव्हता?"

"बंद? तुला वाटत होतं बंद आहे?"

"दिवा लुकलुकतोय, आवाज नाही. उन्हात दिवा कुणाला दिसतो? गाडी चालवताना बघायचं रस्त्याकडे की दिव्याकडे? बिनआवाजाचं यंत्र घेऊन करायचं काय? पण हॉलिसला तोंडावर कसं सांगणार? एवढे पैसे घातलेत त्याने."

"आणि ते कॅनडातले, सस्कॅचवनचे लोक? त्यांचं यंत्र?"

"तेही बंद होतं."

"आणि बाकीची?"

"तीही."

"सगळ्या कॅम्पातली यंत्रं बंद पडलीयत, असं वाटलं तुला?"

व्हर्लिनने खांदे उडवले. "मला वाटलं, हल्लीचा माल असाच येतो."

मार्व्हा खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. "आणि हॉलिस बोंबलून सांगत होता ना, मेलेला उठून बसेल म्हणून?"

"तो टेक्सासचा आहे," व्हर्लिन गंभीरपणे म्हणाला. "त्याच्या बोलण्यातलं निम्म्याहून जास्त मी आधीच वजा करतो."

मार्व्हा उठली आणि आपल्या मोटारहोममधून स्वतःचं यंत्र घेऊन आली. ते कॅम्पातलं सगळ्यात जुनं. नवऱ्याने लावलेलं, काळा करडा पडदा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. त्याच्या आवाजाची सगळ्यांनी थट्टा केलेली, म्हणून तिने ते व्हर्लिनला कधी देऊही केलं नव्हतं. तिने पुढे टेबलावर ठेवलं आणि व्हर्लिनला आपल्या चाकावरचा सेन्सर काढायला पिटाळलं.

तो परत येऊन कॉफीचा कप उचलतो न उचलतो तोच टेबलावरून आवाज आला. घसा बसलेल्या बदकाने कुणाला तरी शिव्या द्याव्यात तसा, जाड आणि घोगरा. व्हर्लिन असा दचकला की हातातली कॉफी शर्टवर सांडली.

"हे! हे वाजतंय!" त्याचा चेहरा उजळला. "मार्व्हा, तुझं यंत्र चालू आहे!"

"सगळीच चालू आहेत रे बाबा. बंद तू आहेस."

त्याने ते पुन्हा वाजवून पाहिलं. मग आतून, खिडकी लावून. मग इंजिन चालू करून. मग रेडिओवरच्या गाण्यासकट. प्रत्येक वेळी खिडकीतून अंगठा बाहेर यायचा. तीन आठवडे न झालेली निवड अशी एका दुपारी झाली, आणि तीही किंमत, पडदा, बॅटरी यांपैकी काहीही न बघता. हॉलिसने रंगीत पडद्याची टिमकी वाजवली होती, सस्कॅचवनवाल्यांनी पाच वर्षांच्या हमीची. शेवटी जे यंत्र कुणी कुणाला सुचवलं नाही ते घ्यायचं ठरलं.

हॉलिसला त्याचं यंत्र परत द्यायला दोघं गेली ती वड्या न घेता; वड्या खरंच संपल्या होत्या. व्हर्लिनने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याला तोंडावर खरं सांगितलं. मान खाली घालून, पण सांगितलं.

हॉलिस आधी लाल झाला. मग त्याने टोपी काढून मांडीवर आपटली.

"म्हणजे माझं यंत्र चांगलं आहे?"

"अगदी उत्तम," आर्लिस म्हणाली. "कुत्र्याला विचारा."

"अहो, तुम्ही ते पहिल्यांदा परत केलंत ना, तेव्हापासून मला झोप नाही. म्हटलं, हा माणूस यंत्रांतला दर्दी. याला नको झालं म्हणजे यात काही तरी खोट असणार. रोज सकाळी मी गुपचूप हातातल्या मापकाने सगळ्या चाकांची हवा तपासतोय. बायको म्हणते, एवढे पैसे घालून आणलंस ते काय शोभेला?" त्याने मोठा श्वास सोडला. "आज कसा झोपतो बघा मी. सरळ घोरतो."

शनिवारी दोघं युमाला गेली. कानाच्या यंत्रांच्या दुकानातल्या बाईने व्हर्लिनला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, आणि मग एक आलेख पुढे ठेवला. रेघ डावीकडे सपाट चालली होती आणि उजवीकडे कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. जाड आवाज ठीक, बारीक आवाज जवळजवळ नाहीच.

"आणि बाकी?" आर्लिसने विचारलं. "म्हणजे... डोक्याचं?"

"ते माझं काम नाही," बाई म्हणाली. "पण मी किनऱ्या, बारीक आवाजात विचारलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला आणि बरीचशी बरोबर ओळखली. माझ्या मते तिथे कुणी तरी जागं आहे."

व्हर्लिनला ते सगळं ऐकू गेलं नसेल, पण तो हसला. या वेळी बरोबर जागी.

कानातली नवी यंत्रं घालूनच व्हर्लिन गाडी चालवायला बसला. युमा मागे पडलं. मग एकदम म्हणाला, "तू बोलतेस की."

"म्हणजे?"

"मला वाटत होतं, तू कामापुरतंच बोलतेस. टायर फुटल्यापासून. मी आपला बघायचो, तुझे ओठ हलतायत, पण मला वाटे स्वतःशीच काही तरी पुटपुटतेय, माझ्यावर रागावलीयस. तुला कारीकडे राहायला जायचंय आणि ते मला सांगवत नाही, असं वाटे." त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही. "म्हणून मी पण यंत्र निवडायला वेळच लावला थोडा. बंद होती म्हणून एक, आणि... निवडलं की निघावं लागलं असतं ना."

आर्लिस या हिवाळ्यात त्याच्याशी किती बोलली होती! किराण्याचं, हवेचं, मिलोच्या बायकोच्या पत्राचं, एकदा पहाटे चहा पिताना तर आयुष्यभराचं. ते सगळं गेलं कुठे, वाळवंटात?

"मला वाटलं, तुला मिलोसारखं होतंय," ती शेवटी म्हणाली.

व्हर्लिनने गाडी बाजूला घेतली. मग त्याने विचारलं, "आणि तू मला विचारलंस का नाही?"

"आणि तू मला का नाही?"

उत्तर दोघांचं एकच होतं, आणि ते दोघांना आईवडिलांकडून मिळालं होतं.

घरी आल्यावर आर्लिसने रविवारची वाट न बघता कारीला फोन लावला. कारी बोलायच्या आधीच फोन व्हर्लिनच्या हातात दिला. "हो," तो म्हणाला. "नाही, हवेबद्दल नाही विचारलंस तू, निघणार कधी विचारलंस. सोमवारी." मग बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "डॉक्टरांकडे येतो की. भावाला होतं म्हटल्यावर बघून घेतलेलं बरं. पण एरिकला विमानाचा त्रास नको देऊस. आणि कारी, ती खोली छान रंगवली असशील. पाहुण्यांना होईल."

फोन ठेवून तो आर्लिसला म्हणाला, "तिचा आवाज असा आहे होय. माझ्या लक्षातच नव्हता राहिला."

मार्व्हाच्या यंत्रासारखंच नवं यंत्र युमातल्या दुकानात एका कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. ते आलं, सेन्सर बसले, मधली डबी बसली, सकाळच्या गारव्यात हवा भरून हवेचे आकडे पडद्यात घालून ठेवले. सोमवारी डेप्युटीचा निरोप घेऊन हाउगेन मंडळी निघाली. हॉलिसने टोपी हलवली. मार्व्हाने खिडकीशी येऊन आर्लिसला सांगितलं, की नवरा ऐकत नाही ही तक्रार आता तिला करता येणार नाही, आणि हा तिचा मोठा तोटा आहे.

टक्सन गेलं. दुपार तापली. आर्लिसला रात्री झोप लागली नव्हती. आता रस्त्याच्या घरघरीत तिची मान कधी कलली ते तिलाही कळलं नाही. तिला जाग आली ती गाडी थांबल्यावर. विलकॉक्सच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत. ड्रायव्हरची खुर्ची रिकामी.

ती तशीच खाली उतरली आणि मागे धावली.

व्हर्लिन मागच्या गाडीच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला होता. टायर थोडा बसला होता, पण अख्खा होता. फाटलेला नाही, धुराचा वासही नाही. त्यात एक खिळा होता, नवा, चकचकीत. शेजारी हवा भरायचा पंप धडधडत होता.

"विलकॉक्सला टायरवाला आहे," तो वर न बघता म्हणाला. "तिथवर पुरेल एवढी हवा भरतो. वीस मिनिटांत बुजवेल."

आर्लिसने टायरवर हात ठेवला. गरम होता, तिच्या तळव्याला लागेल इतकाच. ती हात काढेना.

"किती वेळ झाला?"

"कशाला?"

"वाजून."

"आत्ताच. मागच्या पाटीपाशी. चांगलं बोंबललं ते बदक. मी लगेच गाडी बाजूला घेतली." व्हर्लिनने मापक बघितलं, पंप बंद केला, आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "एवढा आवाज झाला आणि तुला ऐकू आलं नाही?"

"मी झोपले होते!"

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. "एकदा तपासून घे."

आर्लिसने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, हलकाच. मग ती मोटारहोममध्ये गेली आणि कॉफी करायला लागली. टायरवाल्याकडे बसून प्यायला दोघांपुरती पुरे, पण तिने त्याच्यासाठीही थोडी जास्त टाकली.